अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या इंटरव्ह्यूची वाट बघताय? या चुका टाळा

१ नोव्हेंबरची अर्लीची, म्हणजे लवकर अर्ज करून निकालही लवकर घेणाऱ्यांची, डेडलाइन गेली की पंधरा दिवसांत मला मेसेज यायला सुरुवात होते, ताई माझ्या मैत्रिणीला प्रिन्स्टनच्या इंटरव्ह्यूचा मेल आला, मला नाही आला, म्हणजे माझं गेलं का? काही गेलेलं नसतं. पण या एका विचारात पोरं दोन दोन महिने जळत राहतात, म्हणून आधी यावरच लिहिते.

हे इंटरव्ह्यू घेतात ते बहुतेक करून त्या युनिव्हर्सिटीचे माजी विद्यार्थी, आपली नोकरी-घर सांभाळून, एक पैसा न घेता. पुण्या-मुंबईत, बेंगळुरूत असे लोक भरपूर आहेत, नांदेड-सोलापूरकडे शोधूनही सापडत नाहीत, आणि झूममुळे अंतराचा प्रश्न सुटला तरी माणसं तेवढीच आणि अर्ज मात्र ढीगभर. हार्वर्ड स्वतःच सांगतं की इंटरव्ह्यू झाला नाही म्हणून अर्जाला धक्का लागत नाही. येल तर ज्यांच्याबद्दल कमिटीला अजून माहिती हवी असते त्यांना आधी बोलावतं. त्यामुळे मेल आला म्हणून पेढे वाटू नका आणि नाही आला म्हणून रडूही नका, त्यातून काहीच कळत नाही.

आणि मुळात ती युनिव्हर्सिटी इंटरव्ह्यू घेते का हे तरी बघितलंय का? बर्कली, यूसीएलए वगैरे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियावाले घेत नाहीत, कॅलटेक घेत नाही, कॉर्नेल एखाद-दुसरा कोर्स सोडला तर घेत नाही, कोलंबियाने बंद केले, ब्राउनला त्याऐवजी स्वतःचा छोटा व्हिडिओ पाठवता येतो. एमआयटीच्या बाबतीत जुने ब्लॉग वाचून पोरं अजूनही पोर्टलवर आपला ईसी, म्हणजे तिथला इंटरव्ह्यू घेणारा माणूस, शोधत बसतात, आता तोच तुम्हाला मेल करतो. हे नियम दर एक-दोन वर्षांनी बदलतात, तेव्हा मोठ्या दादाने काय केलं ते सोडा आणि यंदाचं अॅडमिशनचं पान वाचा.

आता खरी नुकसान करणारी चूक. मेल आलेला असतो आणि दिसलेलाच नसतो! हा मेल बऱ्याचदा त्या माणसाच्या स्वतःच्या जीमेलवरून येतो, म्हणून सरळ स्पॅममध्ये जातो. माझ्या भाचीचा असाच नऊ दिवस स्पॅममध्ये पडून होता, घरात अक्षरशः सुतक आल्यासारखं वातावरण, आणि नंतर तिने माफी मागून उत्तर दिलं तर समोरच्या बाईंनी दुसऱ्याच दिवशीची वेळ दिली. काहींच्या अर्जात कन्सल्टंटने स्वतःचाच मेल आयडी टाकलेला असतो, तो आजच तपासा. भारतातले माजी विद्यार्थी कधी कधी थेट फोन किंवा व्हॉट्सअॅप करतात, आणि अनोळखी नंबर म्हणून पोरं उचलतच नाहीत. स्पॅम रोज बघा, उत्तर एका दिवसात द्या.

पैसे मागितले तर मात्र थांबा. माजी विद्यार्थ्यांच्या इंटरव्ह्यूला फी नसते, स्लॉट मिळवून देतो म्हणणारा फसवतोय. इनिशियलव्ह्यूसारख्या कंपन्या फी घेऊन इंटरव्ह्यू रेकॉर्ड करतात आणि काही युनिव्हर्सिटी तो स्वीकारतात, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि ते तुम्ही स्वतः बुक करायचं असतं. शंका आली तर अॅडमिशन ऑफिसला मेल टाकून विचारा.

वेळेचा घोळ पण दरवर्षी होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे बॉस्टन-न्यूयॉर्कशी आपला फरक साडेनऊचा साडेदहा तास होतो. मग शनिवारी रात्री ९ ईस्टर्न, म्हणजे तिकडच्या बॉस्टन-न्यूयॉर्कच्या वेळेने ९, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसात. उत्तरात दोन्ही वेळा आणि दोन्ही वार लिहा.

आता प्रत्यक्ष बोलण्याकडे येते. आपली पोरं याला तोंडी परीक्षा समजतात. प्रश्नांची यादी काढायची, उत्तरं पाठ करायची, युनिव्हर्सिटीला किती नोबेल मिळाले ते घोकायचं, अरे समोरचा माणूस तिथे चार वर्षं राहून आलाय, त्याला ते तुमच्याकडून ऐकायचं नाहीये. त्याच्याकडे बहुतेक वेळा तुमचे मार्क किंवा निबंध नसतातच. त्याला तीस-चाळीस मिनिटांत एवढंच बघायचं असतं की हे पोरगं कशात रमतं आणि कसं विचार करतं, आणि तेच तो रिपोर्टमध्ये लिहितो.

तासगावकडच्या एका मुलाची मी सरावाची मुलाखत घेत होते. रोबोटिक्स, कोडिंग, ऑलिम्पियाड, सगळं धडाधड बोलला आणि माझ्या काहीही लक्षात राहिलं नाही. मग सहज विचारलं की घरी संध्याकाळी काय करतोस, तर म्हणाला काही नाही, बेदाण्याच्या शेडवर असतो. आणि मग जो सुटला! द्राक्षं द्रावणात बुडवून शेडवर टाकली की पंधरा-वीस दिवसांत बेदाणा होतो, पण हवेत दमटपणा असला की रंग बिघडतो आणि भाव पडतो, म्हणून हा पठ्ठ्या दोन सीझन वहीत रोजची आर्द्रता लिहून ठेवत होता. ही गोष्ट त्याला सांगण्यासारखी वाटलीच नव्हती, इंटरव्ह्यूत शेतीचं काय सांगायचं म्हणे. मी हात जोडले, म्हटलं बाबा, हेच सांग.

अजून एक आपली खास मराठी सवय, 'मी'च्या जागी 'आम्ही'. आम्ही प्रोजेक्ट केला, आम्ही लायब्ररी काढली. आपल्याकडे याला नम्रपणा म्हणतात आणि ते चांगलंच आहे, पण ऐकणाऱ्याला तू नक्की काय केलंस ते कळतच नाही. टीमचं नाव घे, पण त्यात पैसे कोणी जमवले, मुख्याध्यापकांना कोण भेटलं, ते 'मी' म्हणून सांग. आणि अॅक्सेंट काढू नका प्लीज. मराठी मीडियममधून आलात तर सावकाश बोला, प्रश्न कळला नाही तर परत विचारा, त्यात कमीपणा नाही.

आईबाबांना हात जोडून विनंती, कॅमेऱ्याच्या मागे बसून खुणा करू नका. समोरच्याला मुलाची नजर कुठे जाते ते दिसतं. कॅफेत भेट असेल तर सोडा आणि निघा.

आमचे चान्सेस किती, स्कॉलरशिप मिळेल का, हे त्या माणसाला विचारू नका, निर्णय त्याच्या हातात नाही आणि एडचं, म्हणजे आर्थिक मदतीचं, काम वेगळं ऑफिस बघतं. त्यापेक्षा त्याला त्याचं विचारा, पहिल्या वर्षी जड काय गेलं, कुठले प्रोफेसर अजून आठवतात. लोक मनापासून बोलतात मग.

रेग्युलरवाल्यांचे, म्हणजे अर्लीनंतरच्या नेहमीच्या फेरीत अर्ज करणाऱ्यांचे, इंटरव्ह्यू साधारण जानेवारी-फेब्रुवारीत येतात, म्हणजे बरोबर बारावीच्या प्रॅक्टिकलच्या तोंडावर. तारीख जमत नसेल तर स्पष्ट कळवा आणि दुसरी मागा, ते समजून घेतात, फक्त गप्प बसू नका. पण इंटरव्ह्यूच्या नादात बोर्ड सोडू नका, अॅडमिशन मिळाल्यावरही शेवटचे मार्क पाठवावे लागतात आणि ते फारच घसरले तर मिळालेली जागा जाऊ शकते.

झाल्यावर त्याच दिवशी चार ओळींचा थँक्यू मेल, त्यात बोलण्यातली एखादी खरी गोष्ट लिहा. निकाल कधी म्हणून त्यांच्या मागे लागू नका. अर्लीचे निकाल डिसेंबरच्या मध्याला, रेग्युलरचे मार्च अखेरीस, एमआयटीचा बहुतेक १४ मार्चला. मेल गेला की लॅपटॉप बंद करा आणि केमिस्ट्रीचं जर्नल पूर्ण करायला घ्या, सह्या अजून बाकी असतील.