फायर लाइनमध्ये प्रेशर किती खर्ची पडतं? घर्षणघटीचा हिशेब

फायर लाइन म्हणजे आग विझवायचं पाणी इमारतीत नेणारा पाइप. तिचा फायर पंप ठरवताना इमारतीची उंची सगळे मोजतात. पाइपातून वाहताना पाणी घर्षणात जे प्रेशर गमावतं, ते मात्र बरेचदा ‘टाका अर्धा बार’ (बार हे प्रेशरचं एकक) म्हणून उरकलं जातं. कधी हा अर्धा बार पुरतो, कधी अजिबात पुरत नाही.

कामाचं सूत्र हेझन-विल्यम्सचं:

घट (बार प्रति मीटर) = ६,०५,००० × प्रवाह^१.८५ ÷ (सी^१.८५ × व्यास^४.८७)

प्रवाह लिटर प्रति मिनिट, व्यास मिलिमीटरमध्ये. एक्सेलमध्ये एकदा मांडून ठेवा, पुन्हा हाताने करायची गरज नाही.

आधी व्यास. हा पाइपाच्या आतला हवा. १०० एनबी (नॉमिनल बोर, पाइपाचं नाममात्र माप), सी क्लासच्या म्हणजे जाड पत्र्याच्या पाइपाचा बाहेरचा व्यास ११४.३ मिमी आणि जाडी ५.४ मिमी, म्हणजे आत उरले १०३.५. घात ४.८७ असल्यामुळे इथली चूक फार महागात पडते. बाहेरचाच व्यास घातलात तर घट सुमारे ३८ टक्के कमी दिसेल आणि पंप लहान निवडला जाईल.

मग सी, म्हणजे पाइप आतून किती गुळगुळीत आहे त्याचा आकडा. पाण्याने भरलेल्या स्टीलच्या लाइनला १२०, एरवी कोरड्या असणाऱ्या काळ्या स्टीलला १००, सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपाला १५०. (पाइपाच्या सी क्लासशी याचा काही संबंध नाही; साइटवर हा घोळ होतो.) १२० ऐवजी १०० धरला की घट ४० टक्क्यांनी वाढते.

आता लांबी. इथे सरळ पाइपात फिटिंगची ‘समतुल्य लांबी’ मिळवायची. १०० एनबीला एका एल्बोचे ३ मीटर, पाणी वळत असेल तर टीचे ६.१, गेट व्हॉल्व्हचे ०.६ आणि पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचे ६.७. एवढासा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह जवळजवळ सात मीटर पाइपाइतकं प्रेशर खातो, आणि यादीतून नेमका तोच सुटतो.

एक उदाहरण घेऊ. पंपापासून सर्वांत वरचा हायड्रंट (होज जोडायचा नळ) ४८ मीटर उंच, आडवी लाइन २० मीटर. चार एल्बो, एक टी, एक गेट व्हॉल्व्ह, एक नॉन-रिटर्न. सरळ लांबी ६८, फिटिंगचे २५.४, एकूण ९३.४ मीटर. प्रवाह ९०० लिटर, सी १२०. सूत्रातून मीटरमागे ०.००३८७ बार निघतात, म्हणजे सगळी मिळून घट ०.३६ बार.

यात उंची मिळवा: मीटरला ०.०९८ बारप्रमाणे ४.७०. वरच्या हायड्रंटपाशी ३.५ बार हवेत असं धरलं तर पंपाने द्यायचे ८.५६ बार, म्हणजे साधारण ८७ मीटर हेड (तेवढ्याच प्रेशरच्या पाण्याच्या स्तंभाची उंची). टाकीतल्या पाण्याची पातळी पंपाबरोबर धरली आहे. टाकी खाली असेल तर तो फरकही जोडा.

इथवर अर्धा बार चालून गेला असता. पण याच लाइनमधून २,२८० लिटर न्यायचे असतील तर? प्रवाह अडीच पट, घट मात्र साडेपाच पट: २ बार. पाइप १५० एनबी केला, तर फिटिंगच्या लांब्या वाढूनही ती ०.३२ वर येते. म्हणून आधी प्रवाह पक्का करा, पंपाचा कॅटलॉग नंतर उघडा. जिथे लाइनला फाटे फुटतात तिथून प्रत्येक तुकड्याचा हिशेब त्याच्या स्वतःच्या प्रवाहाने करायचा, पंपाच्या एकूण आकड्याने नाही.

चाचणीच्या दिवशी हे आकडे खिशात असू द्या. ९०० लिटर वाहत असताना पंपाजवळचा आणि वरच्या हायड्रंटच्या अलीकडचा गेज यांत साधारण ५.०६ बारचा फरक यायला हवा. सहा आला, तर सूत्राला दोष देण्याआधी एखादा व्हॉल्व्ह अर्धवट बंद राहिलाय का ते बघा.