ब्लॅक बेल्टला किती वर्षं? हिशोब चुकवणाऱ्या या चुका टाळा

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आमच्या मुलुंडच्या कराटे वर्गाला नवी भरती होते. कोरा पांढरा ड्रेस, पाकिटातल्या घड्या अजून तशाच, आणि दारातच आईचा प्रश्न: "टीचर, ब्लॅक बेल्ट किती वर्षांत होईल?" मी या वर्गात मुलाला सोडायला यायचे. बाकावर बसून कंटाळले आणि तेहतिसाव्या वर्षी स्वतःच रांगेत उभी राहिले. चार वर्षांत होईल असं ऐकलं होतं, मला सात लागली. ती जादा तीन वर्षं कुठे गेली हे मला नेमकं माहीत आहे, म्हणून हा लेख.

आधी आकडा सांगून टाकते. शोतोकानसारख्या कराटेच्या शैलीत नियमित येणाऱ्याला साधारण 4 ते 6 वर्षं. पण यातला 'नियमित' हा शब्द आपण फारच सैल वापरतो.

वर्षं मोजायची चूक

मुंबईचं वर्ष बारा महिन्यांचं नसतं. मार्चमध्ये परीक्षा, म्हणून तीन आठवडे सुट्टी. मेमध्ये गावाला, तिथे सहा आठवडे. जुलैत दोन-तीन वेळा लोकल बंद, हॉलमध्ये पाणी, मग सर्दीताप: धरा तीन. गणपती दोन, सहामाही दोन, दिवाळी दोन. झाले अठरा आठवडे. 52 मधून 18 गेले, उरले 34. आठवड्यातून दोन दिवस एकेक तास म्हणजे 68 तास. त्यात एलबीएस रोडवर अडकल्यामुळे रोजची दहा मिनिटं उशिरा एन्ट्री वजा करा. हाती राहतात 57 तास! पाच वर्षांचे तीनशेसुद्धा भरत नाहीत. आणि शेजारचा मुलगा आठवड्यातून तीन दिवस दीड-दीड तास येतो, मेमध्येही फक्त दहा दिवस गावी जातो. त्याची पाच वर्षं आणि आपली पाच वर्षं एकच कशी?

सुट्टीचा खरा तोटा तासांपेक्षा मोठा असतो. मेनंतर परत आलेली मुलं जूनचा पूर्ण महिना विसरलेला काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) आठवण्यात घालवतात. गावाला जरूर जा, पण अंगणात सकाळी पंधरा मिनिटं एकच काता होऊ द्या. हेइआन शोदान या काताच्या 21 हालचाली आहेत, सावकाश केल्या तरी दोन मिनिटं लागत नाहीत.

सगळ्या कलांना एकच फूटपट्टी

"त्याच्या चुलतभावाला दोन वर्षांत मिळाला" हे वाक्य मी महिन्यातून एकदा तरी ऐकते. चुलतभाऊ तायक्वांदो शिकतो का, हे आधी विचारा. तिथे काळ्या पट्ट्याची पहिली पायरी बहुतेक वेळा लवकर येते. शिवाय कुक्कीवॉन या तायक्वांदोच्या मुख्य संस्थेच्या पद्धतीत 15 वर्षांखालच्या मुलांना 'दान' (काळ्या पट्ट्याची श्रेणी) नाही, 'पूम' मिळतो, आणि त्याचा पट्टा लाल-काळा असतो. ब्राझिलियन जिउ-जित्सूत उलटं. तिथे सुमारे दहा वर्षं ही सर्वसाधारण गोष्ट आहे, आणि आयबीजेजेएफ या तिथल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाने काळ्या पट्ट्यासाठी किमान 19 वर्षं वय लागतं.

मुळात काळा पट्टा म्हणजे शिक्षण संपलं, हा समजच चुकीचा. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान ही ज्यूदोची शाळा सुरू केली, पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना 'शोदान', म्हणजे पहिला दान, दिला. कराटेत ही पद्धत शोतोकानचे जनक फुनाकोशी यांनी 1924 मध्ये आणली. शोदानमधल्या 'शो'चा अर्थच सुरुवात. (पांढरा पट्टा न धुता मळून काळा झाला, ही गोष्ट मुलांना फार आवडते. आवडू द्या, पण ड्रेस धुवा.)

घाईचा वर्ग निवडणं

दीड वर्षात ब्लॅक बेल्टची हमी, एकरकमी पैसे, एका दिवशी दोन-दोन ग्रेडिंग (पट्ट्याच्या परीक्षा). असं काही दिसलं की थांबा. आमच्याकडे काळ्या पट्ट्याआधी 10 व्या क्यूपासून (क्यू म्हणजे श्रेणी) पहिल्या क्यूपर्यंत पायऱ्या आहेत आणि वरच्या तीन ब्राउनच्या. खालचे रंग तीन-चार महिन्यांनी बदलतात, ब्राउनमध्ये मात्र प्रत्येक पायरीला सहा महिने किंवा जास्त लागतात. फी भरण्याआधी एक काम करा: वर्गात जाऊन तिथल्या ब्राउन बेल्टवाल्यांची कुमिते (समोरासमोरची लढत) बघा. हात खाली सोडून नुसत्या उड्या मारत असतील तर रंगाला अर्थ नाही. प्रमाणपत्रावर कोणत्या संघटनेचा शिक्का येणार आणि ब्लॅक बेल्टची फी किती, हे पहिल्याच दिवशी विचारा. शेवटची रक्कम ऐकून पालक खुर्चीत बसल्याचं मी पाहिलंय.

आणि दहावीच्या क्रीडागुणांचा हिशोब यात धरू नका. ते मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या कामगिरीवर मिळतात, पट्ट्यावर नाही.

टाच

माझ्या सातपैकी एक वर्ष टाचेने खाल्लं. झेनकुत्सु-दाची या उभं राहण्याच्या पवित्र्यात पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताणलेला, आणि मागची टाच जमिनीला. पंच मारताना माझी टाच उचलली जायची. मला कळायचंच नाही, कारण वेग येतोय म्हणून मी खूश. ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत परीक्षकांनी एका ओळीत नापास केलं. दुसऱ्या दिवशी सरांनी वर्तमानपत्राचा चौकोनी घडी घातलेला तुकडा टाचेखाली ठेवला आणि म्हणाले, "मारा." मी मारला. त्यांनी कागद सहज ओढून घेतला. अठ्ठावीसदा ओढला त्या दिवशी, मीच मोजत होते. कागद फाटायला लागला तेव्हा कुठे टाच टेकल्याचं कळलं.

चूक टाचेची नव्हती. चार वर्षं मी घरी तोच चुकीचा पंच रोज पन्नास वेळा घोटत होते. म्हणून घरी संपूर्ण काता दहा वेळा करण्यापेक्षा एक वळण निवडा आणि फोन जमिनीवर ठेवून बाजूने व्हिडिओ काढा. समोरून काढलेल्या व्हिडिओत टाच दिसतच नाही. वन-बीएचकेमध्ये जागा नसते हे खरं, पण स्वयंपाकघर ते दार एवढ्या पॅसेजमध्ये एक झेनकुत्सु-दाची मावते. उड्या मात्र गच्चीवर, खालच्या मजल्यावरच्या काकूंचा विचार करून.

वर्ग बदलताना

दादरहून डोंबिवलीला घर घेतलं, जवळचा वर्ग लावला, आणि सहा महिन्यांनी कळलं की ही गोजु-र्यू ही कराटेची दुसरी शैली आहे, काता वेगळे. नवे सर पट्टा मानतील किंवा पांढऱ्यापासून बसवतील, हा त्यांचा अधिकार. प्रत्येक ग्रेडिंगचं प्रमाणपत्र फाइलला लावून ठेवा, जुन्या सरांकडून त्याच संघटनेचा जवळचा वर्ग विचारा.

ब्राउनवर सोडणं

सगळ्यात जास्त मुलं इथे गळतात, माझा मुलगाही त्यातलाच. दहावी आली की क्लासेस सुरू, कराटे बंद. खरं तर पूर्ण बंद करायची गरज नसते. सरांना सांगून आठवड्यातून फक्त रविवारची सकाळ ठेवा, ग्रेडिंग वर्षभर पुढे ढकला. कोणतेही शहाणे सर नाही म्हणणार नाहीत.

खंड पडलाच असेल तर परतताना जुना पट्टा बांधायचा की नाही, हे सरांना विचारून ठरवा आणि पहिले तीन महिने परीक्षेचं नाव काढू नका. पहिला महिना कंबरेच्या वर लाथ मारायची नाही. माझा मुलगा दोन वर्षांनी आला, पहिल्याच दिवशी डोक्याच्या उंचीची मावाशी-गेरी (गोल फिरवलेली लाथ) मारली आणि मांडीचा मागचा स्नायू ताणून पुढचे पाच आठवडे मी सुरुवातीला बसायचे त्याच बाकावर बसून होता.