येऊरच्या पाणवठ्यावर एक रात्र: बुद्धपौर्णिमेच्या मचाणाची तयारी

बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची मोजणी करतं. त्यासाठी ठाण्याच्या येऊरला, तुंगारेश्वरला किंवा तानसाला खात्याच्या मचाणावर बसायला मिळालं, की बहुतेक जण आदल्या दिवशी पिशवी भरतात आणि सकाळी "काहीच आलं नाही" म्हणत उतरतात. जनावर आलेलं असतं. पन्नास पावलांवर झुडपाआड उभं राहून त्याने वास घेतलेला असतो, बाटलीचा कडकड आवाज ऐकलेला असतो आणि ते मागच्या मागे वळलेलं असतं. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. पण वारा ओळखणं, ठसा वाचणं, हलायचं नाही तेव्हा न हलणं ही जुन्या शिकाऱ्यांची विद्या मोजणीलाही तितकीच लागते. तिची तयारी दीड-दोन महिने आधी सुरू करावी लागते.

पाणवठा आधी वाचा

पाहणीला एकट्याने जाऊ नका. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. पायवाट सोडून आत जायला परवानगी लागते, आणि वनरक्षक बरोबर असेल तर निम्मं काम तोच सांगतो. तीन फेऱ्या पुरतात. पहिली शिमग्यानंतर, ओढे आटू लागले की. दुसरी पौर्णिमेच्या साधारण पंधरा दिवस आधी. तिसरी तीन-चार दिवस आधी, कारण मधल्या काळात एखादा डोह आटतो किंवा वळवाचा पाऊस पडून जागोजागी डबकी साचतात. पाऊस झाला असेल तर त्या पाणवठ्यावर गर्दी होणार नाही हे आधीच धरून चाला. जनावराला पाणी घरबसल्या मिळालं की ते उघड्यावर येत नाही.

पाणवठ्यावर पोचल्यावर आधी पाण्याकडे नाही, वाटांकडे बघा. काठाला येणाऱ्या प्रत्येक वाटेवर साधारण एक मीटर रुंदीचा मातीचा पट्टा मोकळा करा. खडे वेचा, माती बोटभर खोल भुसभुशीत करा आणि पानांच्या डहाळीने सारखी करा. हे संध्याकाळी पाचच्या आत उरका आणि सकाळी सातच्या आत वाचायला या. त्यानंतर ऊन वर आलं की कडा ढासळतात आणि ताजा ठसा जुना दिसतो. ऊन तिरपं असतानाच ठशात सावली पडते, त्यामुळे वाचनही तेव्हाच नीट होतं.

सोबत प्लॅस्टिकची पट्टी ठेवा. चितळाचा खूर साधारण पाच-सहा सेंटीमीटर लांब, पुढे टोकदार. सांबराचा सात ते नऊ, रुंद आणि पुढे गोलसर. भेकराचा तीन-चार. दोन सेंटीमीटरच्या आतला नाजूक ठसा दिसला तर पिसोरी (माउस डिअर) असू शकते, तेव्हा तो पट्टा पायाने मोडू नका, आधी फोटो घ्या आणि पट्टी शेजारी ठेवूनच घ्या. सगळ्यात जास्त फसगत रानडुकराच्या ठशाने होते. त्याच्या खुरामागे दोन बाजूंना दोन टिंबं उमटतात, आणि तीही खुरापेक्षा बाहेर. चिखलात सांबराच्या खुरामागचीही टिंबं उमटतात, म्हणून चिखलातल्या एकाच ठशावर निर्णय देऊ नका. कोरड्या मातीत पाच-सहा पावलं पुढे जाऊन बघा.

लेंड्यांचं वय मे महिन्यात फसवतं. उन्हातली लेंडी दुपारपर्यंत कोरडी खडखडीत होते, सावलीतली दोन दिवस ओलसर राहते. काडीने दाबून फोडा. वरून काळी आणि आत हिरवट ओल असेल तर ताजी. चरण्याच्या खुणाही बघा. हरणांना वरच्या जबड्यात पुढचे कापणारे दात नसतात, त्यामुळे पान ओढून तोडलेलं असतं आणि देठाची कड फाटकी दिसते. सशाने कुरतडलेली काडी चाकूने तिरपी कापल्यासारखी असते. मोह, उंबर, बेहडा यांपैकी कुठलं झाड पाणवठ्याजवळ आहे ते टिपून ठेवा. वर वानरं खात असली की खाली चितळं उभी असतात, कारण वानर निम्मं खातं आणि निम्मं टाकतं. तेच वानर बिबट्या दिसला की खाकरतं, आणि खाली सगळ्यांचे कान उभे राहतात.

पाहणीत एक गोष्ट मात्र दिसली की तिथेच थांबा: जनावराच्या वाटेवर झुडपाला बांधलेला तारेचा फास. बहुतेकदा ती गाडीची क्लचवायर असते, गंजलेली, पानांत मिसळलेली. रानडुकरासाठी लावलेल्या अशा फासात चितळ आणि बिबट्याही अडकतात, आणि त्यांचे पाय हाडापर्यंत कापले जातात. स्वतः काढू नका, त्याला हात लावू नका. फोटो आणि जागा वनरक्षकाला द्या किंवा 1926 या वनखात्याच्या हेल्पलाइनवर कळवा. एक फास सापडला की आसपास आणखी असतात असंच समजा. पूर्ण पाहणी थांबवून तेवढं एक काम झालं तरी फेरी सार्थकी लागली.

वारा आणि चंद्र

मचाण कुठे बांधायचं हे खातं ठरवतं. पण तुम्हाला स्वयंसेवक म्हणून विचारलं तर दोन गोष्टी नक्की सांगा.

पहिली वाऱ्याची. दिवसभर आणि संध्याकाळी वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. रात्री तो पडतो आणि थंड हवा ओढ्याच्या उतारावरून खाली वाहू लागते. म्हणून मचाण पाणवठ्याच्या पूर्वेला असलं तर संध्याकाळ चांगली जाते. रात्रीसाठी मात्र ते ओढ्याच्या वरच्या अंगाला नको, नाहीतर तुमचा घाम सगळा खाली पाण्यावर उतरतो. तपासायला जुन्या मोज्यात राख भरून झटका. राख कुठे जाते ते दुपारी चारला, सातला आणि शक्य असेल तर नऊला बघा. येऊरच्या काही दऱ्यांत वारा गोल फिरतो. तिथे कितीही ठसे असले तरी आमचं मत स्पष्ट आहे, ती जागा सोडा.

दुसरी चंद्राची. उन्हाळ्यातली पौर्णिमा डोक्यावर येत नाही. चंद्र आग्नेयेला उगवून दक्षिणेकडे कललेलाच राहतो. पाणवठा मचाणाच्या उत्तरेला असेल तर चांदणं तुमच्या पाठीवरून पाण्यावर पडतं आणि जनावराची पाठ, शिंग, कान उजळतात. मचाण उत्तरेला आणि पाणवठा दक्षिणेला असेल तर सगळं काळ्या आकृतीत दिसतं, त्यात चितळाची मादी आणि भेकर वेगळं करता येत नाही. सूर्य साधारण सातला मावळतो, पण चंद्र झाडांच्या वर यायला आठ-साडेआठ होतात. हा दीड तास सगळ्यात काळोखी असतो आणि चितळांची ये-जाही तेव्हाच जास्त असते. त्या वेळात दुर्बीण खाली ठेवून कानांनी मोजा.

घोडबंदर रस्त्याचा उजेड आणि मे महिन्यातल्या लग्नांचा डीजे यांचाही हिशोब धरा. आवाजाच्या बाजूची वाट त्या रात्री रिकामी राहते. जनावर पाठीमागच्या वाटेने येतं, म्हणून तोंड फक्त पाण्याकडे करून बसू नका.

सामान

दुर्बिणीत मोठा आकडा म्हणजे चांगली हे खरं नाही. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. 7×50 चं उत्तर सात येतं, 8×42 चं पाचाच्या थोडं वर, 10×25 चं फक्त अडीच. हे उत्तर म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या गोलाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. चांदण्यात अडीचची दुर्बीण जवळजवळ निकामी असते, दिवसा ती कितीही छान दिसो. घरीच जुळवून न्या: उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं स्पष्ट करा, मग डावा झाकून उजव्या भिंगाची कडी फिरवा. त्या कडीवर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका लावा. अंधारात कडी हलली की परत लावायला तोच आधार.

कपडे मेंदीच्या पानासारखे किंवा मातीसारखे, आणि सुतीच. नायलॉनचं जॅकेट हात वर करताना सरसर वाजतं, वेल्क्रोचा आवाज तर शंभर फुटांवर जातो. कपडे आठवडाभर आधी साध्या पाण्यात खळबळून बाहेर वाळवा. जास्त पांढरं करणाऱ्या पावडरीत चमक आणणारी द्रव्यं असतात, आणि हरणांना निळसर-जांभळट उजेड आपल्यापेक्षा जास्त दिसतो. अत्तर, सुगंधी तेल, डासांचं मलम यांपैकी काहीही नको. पूर्ण बाह्या, पायमोजे, आणि डोक्यावरून मच्छरदाणीचा तुकडा हा उपाय बिनवासाचा आहे.

बसायला गोणपाटाची दुहेरी घडी घ्या, ठाण्याच्या जांभळी नाक्यावर सहज मिळते. मचाणाच्या बांबूंवर ती आधी अंथरली तर बुड हलवल्याचा करकर आवाज दबतो. पाणी माणशी तीन लिटर, पण पातळ प्लॅस्टिकच्या बाटलीत नको. जाड बाटलीत किंवा स्टीलच्या फिरकी झाकणाच्या बाटलीत, झाकणाला सुती फडकं गुंडाळून. खायला तेल कमी असलेल्या दशम्या, खजूर, चिक्की. पाकिटातलं सगळं घरीच काढून कापडी पिशवीत भरा. कांदा-लसूण आणि सुकट घरी ठेवा. टॉर्चला लाल जिलेटीनचे दोन पदर रबराने बांधा, आणि तो फक्त वही बघायला वापरा, पाण्याकडे कधीच नाही. नाणी, किल्ल्या, मोबाइल रुमालात बांधून पिशवीच्या तळाशी.

शिडी आणि दोर दुपारी उजेडात तपासा. प्रत्येक पायरीवर पूर्ण वजन टाकून बघा. अंधार झाल्यावर खाली उतरायचं नाही, लघवीसाठीसुद्धा नाही, त्यासाठी रुंद तोंडाचा डबा न्या. पाणवठा बिबट्याचाही असतो आणि फुरसं, घोणस याच वेळी बाहेर पडतात. कुणाला साप चावलाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यांपैकी काहीही करू नका. अवयव हलू देऊ नका आणि 108 ला फोन करा.

नोंद करताना

वहीत पाच रकाने आखा: वेळ, प्राणी, संख्या (नर, मादी, पिल्लू), कुठून आला, कुठे गेला. शेवटचे दोन नसले तर सात वाजता आलेला आठ चितळांचा कळप नऊला परत येतो आणि सोळा होतो.

शिंगं नाहीत म्हणून मादी लिहू नका. ही चूक दरवर्षी होते. मार्च ते जुलैदरम्यान बहुतेक नर सांबरांची शिंगं गळतात आणि नवी मखमलीत असतात. मानेवरचे जाड केस आणि शरीराचा आकार बघा. खात्री नसेल तर "सांबर, लिंग अनिश्चित" लिहा, ती प्रामाणिक नोंद आहे. चितळाच्या नराच्या तोंडावर आणि मानेवर काळपट छटा असते. त्यांची शिंगं गळायचं वेळापत्रक पक्कं नसल्याने तीच खूण कामाला येते.

भेकराच्या भुंकण्याने पाड्यावरच्या कुत्र्याचा भास होतो. कुत्रा एकामागून एक भुंकतो. भेकर एकच घोगरा भुंकार देतं, काही सेकंद थांबतं, पुन्हा देतं, आणि हे बराच वेळ चालू राहतं. सांबराची धोक्याची हाक मोठ्या भोंग्यासारखी "ढॉंक" येते. ती ऐकल्यावर अर्धा तास तरी अजिबात हलू नका, कारण बिबट्या जवळ असेल तर तो त्यानंतर पाण्यावर येतो. हाकांची नोंद वेगळ्या पानावर, संख्येत न धरता.

सकाळी खाली उतरल्यावर आधी पायांवर आणि कमरेपाशी गोचिड बघा, मग कुणी काठावर पाऊल टाकायच्या आत मातीचे पट्टे वाचा. वहीत नसलेला सांबराचा ठसा तिथे सापडतोच. त्याची ओळ लिहा, वेळेचा रकाना मोकळा ठेवा, पुढे "फक्त ठसा" असा शेरा द्या, आणि बेरजेत तो धरू नका.