दिसायला देखणा, वागायला शहाणा हीटर

हीटर निवडताना मी आधी खोली मोजते, रंग नंतर बघते. दर चौरस फुटाला साधारण १० वॉट, हा ढोबळ हिशोब. म्हणजे १५० चौरस फुटांच्या खोलीला १५०० वॉट पुरतात. तासाला दीड युनिट वीज जाते.

माझ्या झोपायच्या खोलीत तेलाचा रेडिएटर आहे. मॅट काळा, बारीक पात्यांचा. तापायला वेळ घेतो, पण बंद केल्यावरही बराच वेळ ऊब धरून ठेवतो आणि आवाज अजिबात नाही. आतलं तेल सीलबंद असतं, ते बदलावं लागत नाही. टेबलापाशी पटकन ऊब हवी असेल तर पंख्याचा सिरॅमिक हीटर घ्या. मात्र त्याची घरघर दुकानातच ऐकून घ्या. पांढरा रंग भिंतीत मिसळून जातो. चकचकीत काळ्यावर धूळ लगेच दिसते, म्हणून मी मॅट घेतला.

घेण्याआधी मी तो चालू करून हलकेच कलता केला. ‘टक्’ आवाज आला आणि दिवा विझला. हे आपोआप बंद होणं नसेल, तर कितीही सुंदर असला तरी नको. जास्त तापल्यावर बंद होण्याची सोयही हवीच.

पडदा, पलंग, सोफा यांच्यापासून तीन फूट लांब ठेवा. प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये, एक्स्टेंशन बोर्डावर कधीच नाही. आणि कृपा करून त्यावर ओले कपडे वाळत घालू नका.