साडीच्या कव्हरमधला वेताळ : कॉमिक्स जमवताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात मी कपाटातून एक जुने इंद्रजाल कॉमिक बाहेर काढले, तेव्हा वेताळाचा, म्हणजे त्यातल्या फँटम या नायकाचा, अर्धा चेहरा मुखपृष्ठावर राहिला आणि अर्धा पारदर्शक कव्हरला चिकटून निघाला. ते कव्हर घरात साडीबरोबर आलेले होते आणि धुळीपासून कॉमिक वाचावे म्हणून मीच ते मोठ्या हौसेने त्यात घातले होते. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यातील ओळखीच्या संग्राहकांशी बोलल्यावर असे लक्षात आले की हेळसांडीने जेवढी कॉमिक्स गेली, त्याहून अधिक अशा हौसेने गेली आहेत.

साडीचे मऊ, पारदर्शक कव्हर बहुधा पीव्हीसीचे असते. त्याला मऊपणा यावा म्हणून मिसळलेले द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येते आणि छपाईची शाई स्वतःकडे ओढून घेते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जाणाऱ्या आपल्या भागात ही क्रिया अधिकच वेगाने होते. त्याऐवजी पॉलीप्रॉपिलीनची पिशवी आणि तिच्या आत आम्लमुक्त पुठ्ठा वापरावा. कॉमिक्ससाठी अशा पिशव्या आणि पुठ्ठे मापानुसार मिळतात आणि अगदी दुर्मीळ अंकांसाठी पॉलिएस्टरची जाड पारदर्शक पिशवी घेतली तर ती वर्षानुवर्षे टिकते. मुखपृष्ठ आधीच चिकटले असेल तर कव्हर ओढू नये. जो भाग सुटा आहे तेवढाच कात्रीने कापून घ्यावा आणि चिकटलेला तुकडा तसाच राहू द्यावा. चेहरा प्लॅस्टिकखाली राहिलेला परवडतो, फाटून गेलेला परवडत नाही.

उन्हाळा, कूलर आणि केळीचे खोके

जुनी कॉमिक्स ज्या वृत्तपत्री कागदावर छापली जात, त्यात लाकडातील लिग्निन मोठ्या प्रमाणात शिल्लक असते. उजेड आणि उष्णता यांमुळे ते पिवळे पडत जाते आणि कागदात आम्ल तयार होऊन पाने ठिसूळ होतात. म्हणून चैत्र-वैशाखात गच्चीवर पापड-कुरडयांच्या शेजारी कॉमिक्स उन्हात घालण्याची जी पद्धत काही घरांत आहे, ती ताबडतोब बंद करावी. कुबट वास घालवायचा असेल, तर अंक सावलीत, वारा खेळेल अशा जागी दोन-तीन दिवस उघडून ठेवावेत. त्यानेही वास गेला नाही, तर झाकणाच्या डब्यात वाटीभर खाण्याचा सोडा ठेवून त्याच डब्यात कॉमिक्स आठवडाभर ठेवावीत. सोडा कागदाला लागणार नाही एवढी मात्र काळजी घ्यावी.

डेझर्ट कूलर हा आपल्याकडचा वेगळाच शत्रू आहे, कारण तो हवा गार करताना तिच्यात पाणी भरतो. कूलरच्या झोताच्या वाटेत उघडे कपाट असेल, तर पाने दमट होतात, कूलर बंद झाल्यावर कोरडी पडतात आणि या रोजच्या चढउतारात मुखपृष्ठे पापडासारखी वळतात. वळलेले कॉमिक दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून त्यावर सपाट आणि जड वस्तू आठ-दहा दिवस ठेवली, तर बरेचसे सरळ होते. इस्त्री मात्र फिरवू नये. माझ्या एका मित्राने ती फिरवली आणि मुखपृष्ठाची चकाकी इस्त्रीच्या आकारात गेली.

कपाटाची जागाही पाहावी लागते. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट आणि पत्र्याखालचा माळा या दोन जागा दुपारनंतर भट्टीसारख्या तापतात. घराच्या मधल्या खोलीत, जमिनीपासून हातभर उंच आणि भिंतीपासून चार बोटे सुटे असे ठिकाण सर्वांत बरे.

रावेर-यावलच्या बाजूला मजबूत खोके म्हटले की केळीचाच खोका हाताशी येतो. तो घट्ट असतो, त्याला वारा जाण्यासाठी भोके असतात आणि फुकट मिळतो, म्हणून संग्राहकांचाही तो लाडका आहे. पण नालीदार पुठ्ठ्याच्या थरांत झुरळे आणि कसर आरामात घर करतात, भोकांतून धूळ आत जाते आणि खोक्यातील आम्ल शेजारच्या अंकांत उतरते. नाइलाजाने तोच वापरायचा असेल, तर प्रत्येक अंक पिशवीत घालूनच ठेवावा आणि दर पावसाळ्यापूर्वी खोका बदलावा.

डांबरगोळ्यांविषयीही थोडे कठोर बोलावे लागेल. त्यांची वाफ बंद डब्यात साचते, कागदाला आणि प्लॅस्टिकला तिचा वास असा बसतो की तो वर्ष वर्ष जात नाही आणि बंद खोलीत ती माणसालाही चांगली नाही. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, त्या दर दोन-तीन महिन्यांनी बदलाव्यात, एवढे पुरे आहे.

कसर लागली असेल तर

पानांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या किंवा पान उलटताना चंदेरी किडा सर्रकन पळाला, तर कीटकनाशकाचा फवारा कॉमिकवर मारू नये, कारण त्याचे डाग जात नाहीत. लागण झालेले अंक दोन जाड प्लॅस्टिक पिशव्यांत एकावर एक घालून हवा काढून घट्ट बांधावेत आणि फ्रिजच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावेत. मटारच्या पिशवीशेजारी इंद्रजालमधला नायक बहादूर ठेवलेला पाहून घरचे हसतील, पण वस्तुसंग्रहालयांतही गोठवण्याची हीच पद्धत वापरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. पूर्ण दिवसभर ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर हवेतील बाष्प गार कागदावर जमून पाने ओली होतात. मध्येच वीज जाऊन फ्रीझर वितळला, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावेत. उन्हाळ्यात हे एकदा तरी होतेच.

पिनेला गंज चढला असेल, तर ती बोटाने उपटू नये. अंक मधल्या पानावर उघडावा, पिनेचे दुमडलेले पाय बोथट सुरीने सरळ करावेत आणि मग मागून पिन अलगद काढावी. पाने त्याच भोकांतून सुती दोऱ्याने ओवावीत. गंज नुसता दिसण्यापुरता असेल, तर हात न लावणेच शहाणपणाचे.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावणे, मुखपृष्ठ लॅमिनेट करणे आणि वीस अंक एकत्र शिवून कडा कापून बाइंडिंग करून घेणे, या तिन्ही गोष्टी परतीच्या नाहीत. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो, लॅमिनेशन निघत नाही आणि कापलेली कड पुन्हा उगवत नाही.

पैसे देण्याआधी अंकावरची बारीक अक्षरे वाचा

आपल्याकडे चाळिशी ओलांडलेले बहुतेक जण इंद्रजाल आणि अमर चित्रकथा शोधत असतात, आणि फसतात तेही तिथेच. गेल्या वर्षी मला एका विक्रेत्याकडून ‘इंद्रजालचा पहिला अंक’ असा निरोप आला. फोटोत अंकावर खरोखरच ‘१’ हा आकडा होता, पण मुखपृष्ठावर बहादूर उभा होता. इंद्रजाल सुरू झाले मार्च १९६४ मध्ये, वेताळाच्या कथेने. आबिद सुरती यांचा बहादूर तिथे आला १९७६ मध्ये. मग तो पहिल्या अंकावर कसा असेल? कारण साधे आहे. या मालिकेत आरंभी सलग क्रमांक होते आणि १९८०च्या दशकात खंड व अंक अशी मांडणी आली, त्यामुळे ‘अंक १’ दर खंडाला एकदा येतो. मालिका १९९० मध्ये थांबली. म्हणून क्रमांकाबरोबर खंड, महिना आणि वर्ष हे तिन्ही वाचल्याशिवाय भाव ठरवू नये. मधली पाने मोजून घ्यावीत, कारण जुन्या अंकांत सर्वांत आधी सुटून हरवते ते मधले जोडपान.

अमर चित्रकथेच्या बाबतीत उलटी गंमत होते. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या या मालिकेतील ‘कृष्ण’ हा अंक लोक पहिल्या क्रमांकाने शोधतात आणि मिळत नाही म्हणून हळहळतात, पण त्याचा क्रमांक मुळात ११ आहे, कारण त्याआधीचे अंक परदेशी परीकथांचे होते. प्रकाशक म्हणून इंडिया बुक हाउसचे नाव असेल तर अंक जुन्या काळातला, आणि एसीके मीडियाचे नाव असेल तर २००७ नंतरचा, अशी ढोबळ ओळख करता येते. वाचायला दोन्ही सारखेच, मात्र जुन्याच्या किमतीत नवा घेऊ नये.

हिंदीतील राज कॉमिक्स वाचणाऱ्यांची सध्याची अडचण निराळी आहे. १९८६ पासून नागराज या नायकाच्या कथा देणारे हे प्रकाशनगृह २०२१च्या सुमारास भावांत विभागले गेले आणि संजय गुप्ता, मनोज गुप्ता, मनीष गुप्ता यांच्या नावांची वेगवेगळी प्रकाशने जुन्या कथा पुन्हा छापू लागली. त्यामुळे तीच कथा वेगळ्या मुखपृष्ठासह दोनदा विकत घेणारे खूप आहेत. संचाची आगाऊ नोंदणी करण्यापूर्वी आतील कथांची नावे आपल्या यादीशी ताडून पाहावीत. यादी म्हणजे काही मोठे काम नव्हे, मोबाइलमधल्या टिपणातील शीर्षक, क्रमांक आणि वर्ष एवढ्या तीन रकान्यांनी भागते.

अतिस्वस्त मांगा

कॉलेजच्या मुलांचे कपाट उघडले तर तिथे वन पीस, जुजुत्सु कायसेन, चेनसॉ मॅन ही मांगाची, म्हणजे जपानी कॉमिक्सचीच, नावे दिसतात. त्यांची पहिली चूक म्हणजे मिळेल तो खंड उचलणे. एइचिरो ओदा यांचे वन पीस १९९७ पासून चालू आहे आणि त्याचे शंभराहून अधिक खंड झाले आहेत. पहिल्यांदाच घेणाऱ्याने संपलेल्या मालिकेने सुरुवात करावी, उदाहरणार्थ डेथ नोट १२ खंडांत संपते, डेमन स्लेअर २३ खंडांत. पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचे असते, हे विसरून ‘पाने उलटी बांधली आहेत’ अशी तक्रार करणारेही मी पाहिले आहेत.

दुसरी चूक महागात पडते. एका खंडाच्या किमतीत चार-पाच खंड मिळत असतील, तर ती जवळजवळ नक्कीच चोरटी छपाई असते. खरी प्रत कशी ओळखावी, हे एकदा हातात घेऊन पाहिले की विसरत नाही. मांगामध्ये करड्या छटा बारीक ठिपक्यांनी दाखवतात. खऱ्या प्रतीत ते ठिपके स्वच्छ असतात. नकली प्रत छापील पानावरून स्कॅन केलेली असल्यामुळे ठिपक्यांवर लहरींसारखी जाळी उमटते आणि गडद काळा भाग राखाडी पडतो. नकलेत कडेजवळचे शब्द कापलेले असतात, कागद पातळ असून मागच्या पानाचे चित्र आरपार दिसते आणि पाच खंड शेजारी उभे केले की पाठीवरची नावे एका रेषेत येत नाहीत. मागवलेली खोकी उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करावे आणि परतीची मुदत संपण्याआधी तक्रार नोंदवावी. मी एकदा ‘परीक्षा संपल्यावर बघू’ म्हणून पुतण्याचा संच तसाच ठेवला होता. परीक्षा संपली तोवर मुदतही संपलेली होती.

अमेरिकी सुट्या अंकांचे थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ॲब्सोल्यूट बॅटमॅनच्या पहिल्या अंकाची अनेकदा पुनर्छपाई झाली आहे, म्हणून पहिल्या छपाईचा भाव देण्याआधी आतील बारीक ओळीत छपाईचा क्रम वाचावा. जुन्या गाजलेल्या अंकांच्या हुबेहूब प्रतिकृतीही आता अधिकृतपणे छापल्या जातात आणि तसा उल्लेख याच ओळीत असतो. केवळ वाचायचे असेल तर सुटे अंक मागवण्याचा टपालखर्च करूच नये, एकत्रित खंड स्वस्त पडतो.

भावाच्या बातम्यांनीही डोकी फिरतात. १९३८च्या ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकाची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये साठ लाख डॉलरला विकली गेली, ही बातमी आमच्या नेहमीच्या रद्दीवाल्यापर्यंत पोहोचली. तेव्हापासून तो कॉमिक्स तराजूत टाकत नाही; पाने सुटलेले, मुखपृष्ठ नसलेले टिंकलही वेगळे काढून ठेवतो आणि मी दुकानाची पायरी चढलो की विचारतो, “कितला देशी, भाऊ?” मी आधी मधले पान उघडतो, पिना पाहतो, पाने मोजतो आणि मगच आकडा सांगतो.