पावसात संडासाचं पाणी उतरत नसेल तर

कोकणात आषाढात संडास तुंबला की पहिला फोन जातो मैला उपसणाऱ्या टँकरला. थांबा. पाणी अडलंय कुठे ते आधी बघा.

भांड्याजवळच्या चेंबरचं झाकण काढा. भांडं भरलेलं पण चेंबर कोरडं, म्हणजे बोळा मधल्या पाइपात. रबरी पंपाने नाहीतर बांबूच्या कांबटीने सुटतो. पाणी उतरतं पण गुडगुडतं, तर व्हेंट पाइपच्या (हवा जायला वर काढलेल्या नळीच्या) तोंडाशी पाला किंवा गांधीलमाशीचं पोळं असतं. चेंबरही काठोकाठ असेल तर पुढचं उघडा, असं करत सेप्टिक टँकपर्यंत जा. टँकचं झाकण काढून लगेच वाकू नका, काडी ओढू नका आणि आत कुणालाही उतरवू नका. आतला वायू जीव घेतो.

टँकमधला बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्यापेक्षा साधारण 2 इंच खाली असतो. दोन्ही बुडालेले दिसले तर आधी बाहेरच्या पाइपात कांबट घाला. तरी पातळी हलली नाही, तर शोषखड्डाच, म्हणजे टँकचं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डाच, पाणी घेत नाहीये.

आता विहिरीत डोकवा, जमिनीतलं पाणी किती वर आलंय ते तिथे कळतं. तिचं पाणी खड्ड्याच्या तळाच्या वर आलं असेल तर टँकर बोलावणं म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः. उपसलेलं पुन्हा भरतं. त्यात टँक फायबरचा असेल तर रिकामा झाल्यावर भोवतालच्या पाण्याच्या रेट्याने तो वर उचलला जातो, पाइप तुटतात. त्यापेक्षा टँकवरचा भार उतरवा. न्हाणीचं पाणी माडाकडे वळवा, 10 लिटरच्या फ्लशऐवजी बादलीने ओता. फ्लशच्या टाकीत चमचाभर हळद कालवा. अर्ध्या तासात, फ्लश न करता, भांड्यात पिवळं उतरलं तर टाकी रात्रंदिवस गळतेय. ॲसिड मात्र ओतू नका, मैला कुजवणारे जिवाणू मरतात.

जोराची सर चालू असताना घरातले सगळे नळ बंद करून चेंबरमध्ये बघा. तरीही धार येत असेल तर पन्हळीचा पाइप कुणीतरी त्यात सोडलाय (हे फार घरांत सापडतं) किंवा अंगणातलं पाणी झाकणाच्या फटीतून शिरतंय. पन्हळ तोडून गटाराला लावा, चेंबरचा काठ वीतभर उंच बांधा.

चार-पाच दिवस उघडीप मिळाली, विहीर खाली गेली, तरी खड्डा तसाच भरलेला? मग त्याच्या भिंती साक्याने बुजल्यात. नवा खड्डा दिवाळीनंतर, विहिरीपासून किमान 18 मीटरवर काढा.