दिवाळीचा फराळ पार्सलने पाठवताना थर्माकोल नकोच

चकल्या आणि पणत्या दूरगावी अखंड पोहोचवायच्या असतील, तर वेष्टणही भेटीचाच भाग करा. स्टीलचा डबा, नवा पंचा, सुती पिशवी या गोष्टी घेणाऱ्याच्या घरी वापरात राहतात.

फराळ पूर्ण गार झाल्यावरच भरा. कोमट असेल तर वाफ झाकणाला धरते आणि चकली मऊ पडते. चकल्या आडव्या रचू नका, वरच्यांच्या वजनाने खालच्या चुरतात. त्या उभ्या, एकमेकींना टेकून लावा आणि वरची पोकळी कागदाच्या बोळ्याने घट्ट भरा. वर्तमानपत्र मात्र खाण्याला लागू देऊ नका, शाई उतरते. झाकणाच्या कडेने चिकटपट्टी फिरवा.

पणत्या एकात एक घालायच्या असतील, तर मध्ये जुन्या सुती साडीचा दुहेरी तुकडा हवाच.

खोका जुना चालेल, पण कोपरे दबलेला किंवा ओल लागलेला नको. जुने बारकोड काढून टाका, नाहीतर पार्सल भलतीकडे जाते. डबा आणि खोका यांत सगळीकडून 5 सेंमी जागा ठेवून ती चुरगळलेल्या कागदाने दाबून भरा. खोका हलवून पाहा. आत आवाज आला, तर अजून भरा. गरजेपेक्षा मोठा खोका घेऊ नका. बरेच कुरिअरवाले आकारमानावरही पैसे लावतात.

पत्त्याची एक चिठ्ठी आतही ठेवा.